विरून जाणारी परांची

पॉलिकॅप्रोलॅक्टोन आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. नावं जिभेला जड, पण जोडी जमलेली. वजनाने 80 भाग पहिलं, 20 भाग दुसरं. पहिलं प्लास्टिकच्या कुळातलं, 60 अंशांच्या आसपास वितळणारं, चिवट. पण पाणी अंगाला लावून न घेणारं, म्हणून पेशीही त्यावर बिचकतच बसतात. दुसरं हाडातल्या खनिजाच्या नात्यातलं. पेशींना ते मानवतं, पण एकट्याने भार घेतला की टिचतं. खुद्द हाडाचीही हीच युक्ती आहे: कोलॅजनचा तंतू आणि त्यात रुतलेले खनिजाचे स्फटिक.

सिंगापुरात डिटमार हुटमाखर आणि सहकाऱ्यांनी या मिश्रणाची जाळी घडवली: हाडाच्या फटीत बसवायची, म्हणजे तिच्या आधाराने नवं हाड वाढेल. वितळलेला धागा बारीक तोंडातून सोडायचा, थर पुरा झाला की पुढच्याला 60 अंशांचा कोन द्यायचा. वरून पाहिलं तर त्रिकोणी खिडक्या, सगळ्या एकमेकींत उघडणाऱ्या. मला सर्वांत देखणी वाटते ती ही पोकळीच. छिद्रं 300 मायक्रोमीटरच्या वर असली की रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाव मिळतो, आणि वाहिनीपासून 100-200 मायक्रोमीटरच्या पलीकडे पडलेली पेशी प्राणवायूवाचून तगत नाही. धागा आहे तो पोकळीला आकार देण्यापुरता.

दाद द्यावी अशी दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. इटलीतल्या संशोधकांनी तीन रुग्णांच्या हाडांतली मोठी खिंडारं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या सच्छिद्र ठोकळ्यांनी भरली होती. ठोकळ्यांवर रुग्णांच्याच अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी पेरलेल्या. 2001 साली ते प्रसिद्ध झालं. हाड जुळलं, पण ठोकळे पुढे वर्षानुवर्षं क्ष-किरणांत दिसतच राहिले. इमारत उभी राहिली, परांची उतरलीच नाही. हुटमाखर यांची जाळी मात्र पाण्याच्या संथ क्रियेने दोन-तीन वर्षांत झिजत जाते.

मूळ पेशींना दाद देताना मात्र हात आखडतो. मेंढ्यांच्या नडगीतल्या 3 सेंटिमीटरच्या फटीत याच मिश्रणाच्या जाळीची परीक्षा झाली. 2012 च्या अहवालानुसार बीएमपी-7 हे वाढीचं प्रथिन भरलेल्या जाळीने 12 महिन्यांत मेंढीच्या स्वतःच्या हाडाच्या कलमालाही मागे टाकलं. मूळ पेशी भरलेली जाळी तिथवर पोचली नाही. वाहिन्या यायच्या आत गाभ्यातल्या पेशी उपाशी मरतात, हे या क्षेत्राचं जुनं दुखणं. तोवर ब्रिस्बेनला गेलेल्या हुटमाखर यांच्या गटाने मग जाळी आधी बसवली आणि पेशी काही आठवड्यांनी टोचल्या. जाळीत काहीच न बदलता फक्त पेशींच्या प्रवेशाची वेळ हलवली, आणि मला तर हे मिश्रणाच्या प्रमाणापेक्षाही हुशारीचं वाटतं.