बंद करायचं की पाडायचं? ‘क्रॅश-ओन्ली सॉफ्टवेअर’ वाचताना

जॉर्ज कँडिया आणि अरमांडो फॉक्स यांचा २००३ सालचा ‘क्रॅश-ओन्ली सॉफ्टवेअर’ हा पेपर छोटा आहे, पण दावा धीट आहे. प्रोग्राम थांबवायचा एकच मार्ग ठेवा: पाडणं. सुरू करायचाही एकच: पडझडीतून सावरणं.

युक्तिवाद साधा आहे. जूचंद्रला वीज जाते तेव्हा आधी निरोप देऊन जात नाही. म्हणजे सावरण्याचा कोड लिहावाच लागतो. मग नीट बंद करायचा वेगळा कोड कशाला? त्यांच्या तक्त्यात विंडोज एक्सपी नीट रीबूट व्हायला ६१ सेकंद घेतं, पाडल्यावर ४८.

आता हे नोडला लावून बघू. ॲप्लिकेशन आधी डेटाबेस जोडतं, मग एचटीटीपी सर्व्हर उघडतं. बंद करताना क्रम उलटा: नवीन रिक्वेस्ट थांबवा, हातातल्या पूर्ण करा, शेवटी डेटाबेस सोडा. क्रम चुकला तर अर्धवट रिक्वेस्टला डेटाबेसच मिळत नाही. यासाठी कुबरनेटीज सिगटर्म पाठवून एरवी ३० सेकंद थांबतं, मग सिगकिल देतं. पण नोड १९ च्या आधी सर्व्हरचं ‘क्लोज’ रिकाम्या कीप-अलाइव्ह कनेक्शनसाठीही थांबून राहायचं. म्हणजे नीट बंद करायचा मार्गही कधीकधी सिगकिललाच जाऊन मिळायचा. इथे लेखकांचं म्हणणं पटतं.

माझा आक्षेप तक्त्यावर आहे. त्यात वेळ मोजलाय, मध्येच तुटलेल्या रिक्वेस्ट नाहीत. लेखक अटी घालतात हे खरं: महत्त्वाचा डेटा वेगळ्या स्टोअरमध्ये हवा, रिक्वेस्टला टाइमआउट हवा, ती पुन्हा पाठवता आली पाहिजे. पण पैसे कापणारी रिक्वेस्ट जपून लिहिली नसेल, तर पुन्हा पाठवल्यावर पैसे दोनदा कापले जातील. वीज क्वचित जाते. नवीन आवृत्ती दिवसातून चारदा चढू शकते. दर वेळी पाडलं तर ग्राहकाला चारदा झळ. त्यामुळे अचूकतेबद्दल पेपर बरोबर आहे, किमतीबद्दल अपुरा.

संशोधनाची तयारी करताना हाच फरक तपासायला शिका. चालू लोडखाली एकदा सिगटर्म द्या, एकदा सिगकिल. दोन्ही वेळा फसलेल्या रिक्वेस्ट मोजा आणि डेटाबेस तपासा. सिगकिलला फक्त रिक्वेस्ट जास्त फसल्या, तर नीट बंद करणं ही ग्राहकाची सोय आहे. पण डेटाही बिघडला, तर तुमचं नीट बंद करणं एक बग झाकतंय.