एका कारखान्याच्या इतिहासलेखनाविषयी

ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या कापड-यंत्रांच्या कारखान्याचा इतिहास सामान्यतः वंशवृत्तासारखा सांगितला जातो. सॅडलवर्थमधील डॉबक्रॉस गावचे एक लोहार घराणे पिंजणयंत्रे घडवीत असे. त्यातील हेन्री प्लॅट १८२० नंतरच्या दशकात ओल्डहॅमला आला. एलायजा हिबर्टशी त्याची भागीदारी झाली. पुत्र जॉन १८६५ मध्ये पार्लमेंटात गेला. शतकाच्या अखेरीस १०,००० हून अधिक कामगार तेथे राबत होते, आणि १९८२ मध्ये सर्व संपले. या मांडणीतील तपशिलाविषयी वाद नाही. माझा आक्षेप आहे तो कार्यकारणभावाविषयी.

१८४३ पर्यंत ब्रिटनमधून अशा यंत्रांच्या निर्यातीवर निर्बंध होते. ते त्या वर्षी उठले आणि १८४४ मध्ये वर्नेथ भागात हार्टफर्ड कारखाना उभा राहिला. ही सलगता निव्वळ योगायोगाची मानणे मला कठीण वाटते. घराण्याच्या कर्तबगारीइतकाच परदेशी गिऱ्हाइकांचाही या वाढीत वाटा असेल, तर तिचे पुरावे केवळ ओल्डहॅमच्या दप्तरात का शोधावेत? १८८३ मध्ये सुरू झालेल्या ओसाका येथील गिरणीच्या १०,५०० चात्या प्लॅटच्याच होत्या. लँकेशायरचे प्रतिस्पर्धी असे लँकेशायरच्याच अंगणात सज्ज होत होते. पुढे १९२९ मध्ये चक्र उलटे फिरले, आणि टोयोडांच्या स्वयंचलित मागाचे हक्क प्लॅटने १,००,००० पौंडांना घेण्याचा करार केला. (त्याच पैशातून टोयोटा मोटार जन्मली, ही कथा मोठी रोचक, परंतु काझुओ वाडा या इतिहासकाराने तिच्यावर साधार शंका घेतली आहे.)

ओल्डहॅमची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांतही आली. त्यांचा इतिहास आपण मालक, भांडवल व संप यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला; यंत्राला मात्र त्यात जागा मिळाली ती फार तर यादीपुरती. गिरणगावची बोली याबाबत इतिहासकारांपेक्षा अधिक दक्ष ठरली. मागाला तिने ‘साचा’ हा घरचाच शब्द दिला. सूतकताईच्या विभागाला मात्र ‘त्रासन खाते’ म्हटले. ‘त्रासन’ हे ‘थ्रॉसल’चेच रूप होय; ‘त्रास’शी त्याचे नाते जोडणे ही लोकव्युत्पत्ती, जरी तेथे घाम गाळलेल्यास ती पटण्यासारखी असली तरी. थ्रॉसल हे मुळात एका गाणाऱ्या पक्ष्याचे इंग्रजी नाव. यंत्राच्या गुणगुणण्यावरून ते त्याला मिळाले. पुढे थ्रॉसल मागे पडून रिंग-यंत्रे आली, तरी खात्याचे नाव बदलले नाही. म्हणजे या शब्दात यंत्राची आधीची पिढी शिल्लक राहिली आहे. कोणत्या गिरणीत कोणते यंत्र केव्हा आले, याची छाननी करताना असे शब्द दप्तराइतकेच उपयोगी पडतील. ते कालक्रम सांगत नाहीत, पण थर दाखवितात.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षी ओल्डहॅमचे कामही थांबले, या योगायोगावरून कोणी घाईने सिद्धांत उभारू नये. मात्र त्रासन खात्यात काम केलेली माणसे आज वृद्ध झाली आहेत, आणि त्यांचे शब्द नोंदविण्याचे काम आपल्या विभागात अद्याप कोणी हाती घेतलेले नाही.