‘यंदा ऑर्डरी घेत नाही’

निमगाव साव्यात बोलायचं तर विषय कोणता घ्यावा, यावर आम्ही बरेच दिवस घोळ घातला. कला म्हटलं की आपल्या जुन्नर-आंबेगावच्या भागात तमाशा, लेणी, भजनं हे विषय ठरलेले. आज त्याहून लहान आणि घरातली गोष्ट घेतो. गौरीचे मुखवटे, रुखवतातल्या नवरा-नवरीच्या बाहुल्या, भातुकलीतल्या ठकी असं सगळं हौसेनं रंगवणारी माणसं असतात. बहुतेक बायाच. आधी स्वतःच्या घरचं रंगवतात, मग शेजारी म्हणतात, ‘आमचंही द्या ना करून’. दोन-चार वर्षं ऑर्डरी आनंदानं घेतल्या जातात आणि मग एका श्रावणात उत्तर येतं, ‘यंदा ऑर्डरी घेत नाही.’ म्हणतात यंदा, पण तो यंदा काही संपत नाही.

का थांबतात? विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. वेळ नाही, परवडत नाही, कंटाळा आला. तिन्ही खोटी नाहीत. पण आम्ही समीक्षा करणारी माणसं. माणसाच्या उत्तराआधी काम बघायची सवय. तर आज आधी काम बघू.

मुखवटा रंगवायला येतो म्हणजे काय होतं, ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. जुना शाडूचा किंवा प्लॅस्टरचा मुखवटा असतो. नाकाचा शेंडा उडालेला, कानाशी चीर गेलेली, त्यावर आधीच्या दोन-तीन वेळच्या रंगांचे थर. ते हलक्या हातानं पॉलिश पेपरनं घासायचं, चिरा भरायच्या, वाळू द्यायचं, अस्तराचा हात द्यायचा, मग अंगाचा रंग. श्रावणातल्या दमट हवेत तो वाळता वाळत नाही. गालावर लाली, ओठ, कुंकू, केसांची कड. आणि सगळ्यात शेवटी डोळे. मूर्तिकार याला आखणी म्हणतात. वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढावी लागते. मध्येच हात थांबला, तर थांबलेला कायमचा दिसतो. बंगालमध्ये कुमारटुलीचे मूर्तिकार दुर्गेचे डोळे महालयेच्या दिवशी रंगवतात आणि त्याला चक्षुदान म्हणतात. आपल्याकडे एवढा सोहळा नसला, तरी आखणीच्या वेळी पोरांना खोलीबाहेर घालवणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत.

आता एकाच हातानं रंगवलेल्या दोन जोड्या शेजारी ठेवा. एक तिच्या स्वतःच्या घरची, दुसरी ऑर्डरीची. आम्हाला अशी संधी बऱ्याचदा मिळाली. घरच्या ज्येष्ठा-कनिष्ठा सारख्या नसतात. एकीची नजर जरा खाली असते, दुसरीची समोर. एकीचा डावा डोळा किंचित लहान झालेला असतो, तोही ठेवलेला असतो, कारण त्यामुळे ती हसल्यासारखी दिसते. ऑर्डरीची जोडी मात्र एकसारखी येते. मोठे टपोरे डोळे, दाट पापण्या, मालिकेतल्या सुनेसारख्या भुवया, गालावर चमकी. रेघ स्वच्छ असते. किंबहुना घरच्यापेक्षा जास्तच स्वच्छ. पण ती कुणाकडेच बघत नाही.

हे आमच्या डोळ्यांचं वेड नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेत तेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ व्यावसायिक चित्रकार-शिल्पकारांकडून प्रत्येकी दहा सांगून करून घेतलेल्या आणि दहा स्वतःहून केलेल्या कृती मागवल्या. कोणती कशी झाली हे परीक्षकांना माहीत नव्हतं. निकाल असा लागला, की कारागिरीत फरक नाही, पण सांगून केलेल्या कामात सर्जकता कमी. त्यात पुन्हा बारकावा आहे. जिथं सांगणाऱ्यानं कलाकाराला जखडलं असं वाटलं, तिथं ही घसरण जास्त होती. म्हणजे दोष निव्वळ पैशाचा नाही. निर्णय कुणाच्या हातात राहिला, याचा आहे.

आमचं म्हणणं इथंच सुरू होतं. हौशी बाई थांबते ती हात दमला म्हणून नव्हे. चेहरा कधी पुरा झाला हे ठरवण्याचा तिचा हक्क गेला म्हणून थांबते.

तो कसा जातो, ते बघा. एका ऑर्डरीचं आम्हाला जवळून माहीत आहे. घरातल्या सासूबाई गेल्या वर्षी वारल्या, त्यांच्या हातच्या गौरी, रंग उडालेला. सांगणं एवढंच की, ‘जशा होत्या तशाच करा.’ जशा होत्या म्हणजे कशा? फोटो होता, पण लग्नातला, मागं कोपऱ्यात गौरी अस्पष्ट. रंगवणारीनं तीन दिवस घातले. न्यायला आलेली सून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘छान झाल्यात, पण या आमच्या नाहीत.’ डोळे पुसून पुन्हा आखले. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी सून रडली आणि घेऊन गेली. आवडल्या म्हणून रडली की नाइलाजानं, हे रंगवणारीला आजही ठाऊक नाही. जादा कामाचे पैसे तिनं मागितले नाहीत. कसे मागणार? पुढच्या वर्षी तिनं ऑर्डरी बंद केल्या. यात चूक कुणाची, असं विचाराल तर आम्हाला कुणाची सापडत नाही. सुनेला हवी होती ती सासू. रंगवणारीकडे होता शून्य नंबरचा ब्रश.

पैशाचा हिशोबही करून टाकू, तो टाळून चालत नाही. समजा, एका जोडीला घासणं-भरणं तीन तास, अस्तर आणि अंगरंग दोन, चेहरे चार, दागिन्यांचं रंगकाम दोन, आणि फोनवरचं बोलणं, फोटो पाठवणं, ‘ओठ जरा गडद करा’ वगैरे ऐकणं दोन. झाले तेरा तास. समजा सहाशे रुपये घेतले, दीडशेचं सामान. उरले साडेचारशे. तासाला पस्तीस रुपयेही पडत नाहीत. आपल्याकडं कांदालागवडीला गेलं तर याहून बरं सुटतं. आणि सहाशे सांगितले की समोरचा म्हणतो, ‘ताई, तुम्ही तर हौसेनंच करता ना?’

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण आपण खर्च करणाऱ्याचं कौतुक म्हणून वापरतो. पोरीच्या लग्नात केला खर्च, हौसेला मोल नाही. तीच म्हण रंगवणारीच्या दारात आली की शब्दशः खरी होते: तुझ्या हौसेला मोल नाही, म्हणजे आम्ही देणार नाही. (हशा) हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी हे म्हटलेलं असणार. आम्हीही म्हटलंय.

पण मग जास्त पैसे दिले तर प्रश्न सुटेल का? इथं थोडं थांबा. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची, स्केचपेननं चित्रं काढायची आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. पुढं काही दिवसांनी पेनं नुसती समोर ठेवली, तर आधी बोली केलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्र काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. हे वाचताना आम्हाला आपली ओटी आठवली. रंगवून दिलेल्या गौरी न्यायला येताना कुणी खण-नारळ आणि नव्या बाजरीचं पीठ आणलं, तर रंगवणारी दहा वर्षं आठवण काढते. ठरलेल्या सहाशेतले पन्नास कमी करून घेतलेलेही ती दहा वर्षं विसरत नाही.

त्यात तारीख. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. नक्षत्र कुणासाठी दोन दिवस पुढं सरकत नाही. म्हणजे सगळ्या ऑर्डरी एकाच पंधरवड्यात, आणि त्याच पंधरवड्यात रंगवणारीच्या स्वतःच्याही घरी गौरी. पंधरा जोड्या गावाला देऊन स्वतःच्या देव्हाऱ्यात मागच्या वर्षीचाच उडालेला रंग, हे आम्ही पाहिलंय. तिच्या तोंडून ते ऐकताना तक्रार वाटत नाही, शरम वाटते.

आता इथून जवळच्या नारायणगावाकडे बघा. यात्रांचा हंगाम आला की तिथं फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, तारीख ठरते, रक्कम ठरते, सुपारी दिली जाते. तमाशा कलावंताचं आयुष्य सुखाचं आहे असं कुणी म्हणणार नाही; विठाबाई नारायणगावकरांच्या गावात तर नाहीच नाही. बोर्डावर फर्माईश येते तीही सोसावी लागते. पण गिऱ्हाईक आणि कलावंत यांच्यामध्ये एक फडमालक उभा असतो, एक विसार असतो, एक रीत असते. ओट्यावर बसून बाहुली रंगवणाऱ्या बाईच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये काहीच नसतं. बहुतेक वेळा ते गिऱ्हाईक तिची नणंद असते.

मागं गेलो तर बलुतं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’त, १९१५ सालच्या पुस्तकात, ही सगळी व्यवस्था तपशिलानं दिली आहे. कुंभाराला गाडग्यागणिक पैसे नव्हते. खळ्यावर त्याचा वाटा होता. पोळ्याचे मातीचे बैल त्याच रितीत यायचे आणि बैलाचं तोंड असं का केलं, म्हणून कुणी परत करत नव्हतं. रूप परंपरेनं ठरलेलं, मोबदला खळ्यानं. काही मंडळी हे ऐकून उसासा टाकतात की तेच बरं होतं. आम्ही टाकत नाही. त्या व्यवस्थेत जातीनं काम ठरायचं, आणि ‘यंदा घेत नाही’ म्हणण्याची सोय कुंभाराला नव्हती. नाही म्हणता येणं, ही आजच्या हौशी बाईची कमाई आहे. म्हणून तिच्या थांबण्याकडे आम्ही कला मेल्याची खूण म्हणून बघत नाही.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी आंबे, केळी, काकड्या रंगवून मांडलेल्या असतात. आवडलं तर घ्या. ‘आमच्या परसातल्या आंब्यासारखा करा’ असं तिथं म्हणायचं कुणाला सुचत नाही. आधी रंगवायचं आणि मग विकायचं, यात चेहऱ्याचा निर्णय रंगवणाऱ्याकडे राहतो. परदेशातही हेच घडतंय. कारखान्यात छापलेला बाहुलीचा चेहरा नेलपॉलिश काढायच्या द्रावणानं पुसून त्यावर नवा चेहरा रंगवणारे हौशी कलाकार तिकडे आहेत. त्यांच्यातलेही अनेक जण ऑर्डरी बंद करतात आणि आपल्या मनानं केलेल्या बाहुल्याच तेवढ्या विकायला ठेवतात. भाषा वेगळी, पण ‘जशी होती तशीच करा’ सगळीकडे सारखं.

दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. ऑर्डरींनी हात तयार होतो. वर्षाला घरचे दोनच चेहरे रंगवणारीची पापणी पहिल्या दमात येत नाही. चाळीस रंगवलेल्यांची येते. आम्ही ज्या घरच्या जोडीचं कौतुक केलं, तिच्यातली ती खाली झुकलेली नजर ऑर्डरींच्या चार वर्षांनंतर आलेली होती, आधीच्या फोटोत ती नाही. म्हणजे ऑर्डरीनं काही नेलं तसं दिलंही. आणि रंगवणाऱ्यांची चूकही आहे. आपण काय करणार नाही, हे त्या आधी सांगत नाहीत. विसार घेत नाहीत. संकोचानं भाव कमी सांगतात, मनात चिडतात आणि मग सगळंच बंद करतात. मधला रस्ता कुणी शिकवलेला नसतो, कारण आपल्याकडे चित्रकलेच्या परीक्षा होतात, नाही म्हणण्याच्या होत नाहीत.

मागच्या बाजूनं एका ताईंचा प्रश्न आलाय: ‘आमच्या गौरींचा रंग गेलाय, मग आम्ही जायचं कुणाकडे?’ रास्त प्रश्न आहे. ताई, श्रावणात जाऊ नका, ज्येष्ठात जा. निम्मे पैसे हातावर ठेवा. नाक-कान तुम्ही सांगा, साडीचा रंग सांगा, डोळे तिच्यावर सोडा. एकदा पुसून दुरुस्ती, त्यापुढं नाही, हे तुम्हीच आधी बोला. ती बोलणार नाही. आणि तरीही ती ‘नाही’ म्हणाली, तर चहा घ्या आणि तिच्या स्वतःच्या गौरी दाखवायला सांगा. तेवढं बघायला ती नाही म्हणणार नाही.