सिंहिणींच्या शाळेतला मुफासा

‘मुफासा: द लायन किंग’ 20 डिसेंबर 2024 रोजी आला, तेव्हा एक तक्रार सगळीकडून ऐकू आली : या सिंहांच्या चेहऱ्यावर भावच उमटत नाहीत. 1994च्या ‘द लायन किंग’मधल्या हाताने काढलेल्या सिम्बाचे डोळे भरून येत. इथे संगणकाने केसन्‌केस खरा केला आणि चेहरा मुका झाला. तक्रार रास्त आहे. तरी जरा खाली बघा, पंज्यांकडे. दिग्दर्शक बॅरी जेंकिन्स यांचा सगळा अभिनय तिथे उतरला आहे.

पुरात आईबापापासून तुटलेल्या मुफासाला टाका नावाचा राजपुत्र छावा वाचवतो. टाकाचा बाप ओबासी या परक्या पिल्लाला नरांत बसू देत नाही, सिंहिणींकडे धाडतो. शिक्षाच ती. पण सिंहांत बहुतेक शिकार करतात त्या सिंहिणी! टाकाची आई एशे त्याला वास घ्यायला, कानोसा घ्यायला शिकवते. तिकडे टाका बापाकडून ऐकतो, की कपट हेही राजाचंच हत्यार. एशेवर हल्ला होतो तेव्हा पोटचा पोरगा पळतो, परका थांबतो. टाकाचा पुढे होणारा स्कार तिथेच जन्मतो. खलनायक घडण्याचं इतकं साधं आणि इतकं दुःखद कारण मुलांच्या सिनेमात क्वचित दिसतं.

घर सोडून निघालेला तरुण नर यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घाटंजीला नवा नाही. घाटंजी आणि केळापूर तालुक्यांत पसरलेल्या टिपेश्वर अभयारण्यातून 2019च्या जूनमध्ये एक तरुण वाघ निघाला. रेडिओ कॉलरमुळे त्याची वाट कळत गेली आणि तो ‘वॉकर’ झाला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, आदिलाबादकडून पुन्हा महाराष्ट्रात येत, सुमारे 1300 किलोमीटर चालून तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. म्हणून मुफासा ‘मिलेले’ ही स्वप्नभूमी शोधत बर्फाळ डोंगर तुडवतो, ते आपल्याला परीकथेतलं वाटत नाही. वाघ एकटा जातो. तरुण सिंह मात्र अनेकदा जोडीनं हिंडतात, कधी सख्खे नसतानाही. मुफासा-टाकाचं भाऊपण असं निसर्गाला धरून आहे, त्यामुळे ते तुटताना फार लागतं.

हिंदीत शाहरुख खानचा मुफासा धीरगंभीर आहे, लहानग्या मुफासाला त्याच्या मुलाचा, अबरामचा आवाज आहे. मकरंद देशपांडे यांचा रफिकी मला सर्वांत आवडला. गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याला हवा तो नाटकी ठसका त्यांच्याकडे आहे. श्रेयस तळपदेचा टिमॉन झकास, पण पटकथा त्याला नको तिथे मध्ये आणते. आदिलाबादच्या बाजूच्यांना हाच मुफासा तेलुगूत महेश बाबूच्या आवाजात भेटला.

अमेरिकेत पहिल्या आठवड्यात हा सिनेमा ‘सॉनिक 3’च्या मागे पडला, मग चिवटपणे टिकून जगभरात 70 कोटी डॉलरच्या पुढे गेला. 2019च्या ‘द लायन किंग’च्या कमाईच्या हे निम्मंही नाही. ही कथा सांगायची गरजच काय, असंही विचारलं गेलं. एशेची शिकवणी पाहिलेल्याला ती गरज कळते. दोष आहे तो शेवटाचा. वॉकर पोचला त्या ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. मुफासाला मात्र वाटेतच सिंहीण सराबी मिळते आणि मिलेलेत पोचल्यावर लगेच राज्यही, आणि त्या घाईत टाकाचं दुःख नीट उमटायचं राहून जातं.