दोन कात्र्यांची गोष्ट : एक फेरतपासणी

अल्झायमरच्या विकाराची रेणूंच्या पातळीवरची गोष्ट लोकप्रिय लेखांत बहुधा एकाच साच्यात सांगितली जाते. चेतापेशीच्या पटलात ‘एपीपी’ हे लांब प्रथिन रोवलेले असते. बीटा-सिक्रिटेज आणि गॅमा-सिक्रिटेज ही विकरे कात्रीप्रमाणे ते दोन ठिकाणी कापतात आणि बीटा-अॅमिलॉइड हा तुकडा सुटतो. त्यातही ४२ अमिनो आम्लांचा तुकडा अधिक चिकट. त्याचे थर साचतात व पेशी मरतात. तात्पर्य, कात्री अडवा, रोग थांबेल.

या गोष्टीमागे जॉन हार्डी आणि जेराल्ड हिगिन्स यांनी १९९२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेले गृहीतक आहे. अॅमिलॉइड साचणे हे मूळ कारण, बाकीची हानी हा त्याचा परिणाम, असा त्याचा गाभा. त्याची भक्कम बाजू आनुवंशिकतेची आहे. काही कुटुंबांत ऐन उमेदीत होणाऱ्या अल्झायमरचा संबंध एपीपीच्या जनुकातील बदलाशी आहे, हे १९९१ साली दिसले. हे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असते. डाउन सिंड्रोममध्ये हे गुणसूत्र तीन प्रतींत असते आणि अशा व्यक्तींच्या मेंदूत अॅमिलॉइड लवकर साचते. उलट, २०१२ साली आइसलँडमध्ये आढळलेल्या एका बदलामुळे पहिली कात्री कमी चालते आणि तो असणाऱ्यांना हा विकार क्वचितच होतो.

मग आक्षेप कशाला? पहिला असा, की ही कापाकापी मुळात विकृती नव्हेच. ती निरोगी मेंदूतही आयुष्यभर चालते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ रुग्ण आणि १२ निरोगी व्यक्तींमध्ये या तुकड्याच्या निर्मितीचा व निचऱ्याचा वेग मोजला गेला. निर्मिती दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच होती. रुग्णांमध्ये निचरा मात्र सुमारे ३० टक्क्यांनी मंद होता. अभ्यास लहान आहे, परंतु त्याने विचारलेला प्रश्न मोठा आहे.

दुसरा आक्षेप औषधांनी नोंदवला. गॅमा कात्री अडवणाऱ्या सेमागासेस्टॅटची चाचणी २०१० साली थांबवावी लागली. रुग्णांची स्थिती उलट अधिक बिघडली. ही कात्री इतर आवश्यक प्रथिनेही कापते, याचा विसर महागात पडला. बीटा कात्री अडवणाऱ्या व्हेरुबेसेस्टॅटने अॅमिलॉइड घटवले, पण स्मृती वाचली नाही. साचलेले अॅमिलॉइड काढणाऱ्या लेकॅनेमॅबने, २०२२ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, १८ महिन्यांत ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला. आकडा आकर्षक खरा. पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक ०.४५ गुणांचा आहे.

म्हणजे गृहीतक खोटे ठरले का? नाही. ते अपुरे ठरले. अॅमिलॉइड सुरुवात करून देत असावे. पुढे टाउ प्रथिनाच्या गुंत्यांचा आणि दाहाचा वाटा मोठा आहे. दोष गृहीतकापेक्षा ते सिद्धांत म्हणून सांगणाऱ्या आपल्यासारख्यांचा अधिक आहे.

वर्गात हा विषय शिकवताना फळ्यावर कात्रीबरोबरच एक हौद काढावा. हौद भरून वाहू लागला, तर दोष नळाचाच असतो असे नाही. मोरीही तुंबलेली असू शकते. हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतः विचारला, तर त्यांना गोष्टीपेक्षा अधिक काही कळले असे समजावे.