गाळातली अळी आणि एक 'म्हणून'

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना एक उत्तम नमुना फुकट मिळतो. साचलेल्या गटाराच्या तळाशी, गाळात, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीच्या लालभडक अळ्या असतात. (थरथरणाऱ्या दोऱ्यांसारखा पुंजका दिसला तर तो ट्युबिफेक्स, गांडुळाचा नातलग. आम्ही म्हणतो त्या अळीला वेगळे डोके असते आणि डोक्यामागे व शेपटीशी आखूड पायांसारखी एकेक जोडी.) ही कायरोनोमसची अळी. मोठी झाल्यावर ती डासासारखी दिसते, पण चावत नाही. तिचा लाल रंग हिमोग्लोबिनचा.

तरीही फळ्यावर आपण लिहून देतो, 'कीटकांत हिमोग्लोबिन नसते. प्राणवायू श्वासनलिकांतून थेट पेशींना पोचतो.' गटारातली अळी पाहिलेल्या एखाद्या मुलाने 'काही कीटकांत असते' असे लिहिले, तर त्याचा गुण जातो. जाणकार शिक्षक अपवाद मान्य करतात, पण कारण सांगतात ते असे : 'गाळात प्राणवायू कमी, म्हणून अळीने हिमोग्लोबिन तयार केले.' आमचा खरा आक्षेप या 'म्हणून'वर आहे. पहिले वाक्य दुरुस्त करता येते. हा 'म्हणून' मात्र आधी गरज, मग जनुक, अशी उत्क्रांतीची उलटी कल्पना रुजवतो, आणि ती पुढे महाविद्यालयातही निघत नाही.

तिला उत्तर देते ती ड्रॉसोफिला, म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावणारे चिलट. (आंब्यात अंडी घालणारी बागायतदारांची फळमाशी वेगळी.) ती गाळात राहत नाही आणि तिचे रक्त लाल नसते. तरी 1999 मध्ये जर्मनीतील बुर्मेस्टर आणि हांकेल्न यांनी तिच्यात हिमोग्लोबिनचे जनुक दाखवून दिले. त्याचे प्रथिन रक्तात नव्हे, तर श्वासनलिकांच्या आणि मेदपिंडाच्या पेशींत असते व प्राणवायू फार घट्ट धरते. गरजेप्रमाणे जनुक चालत असेल, तर प्राणवायू कमी केल्यावर ते जोरात चालायला हवे. प्रयोगात त्याचे काम उलट घटलेले आढळले.

चिलट आणि कायरोनोमस यांचे वंश वेगळे होऊन 20 कोटींहून अधिक वर्षे झाली. दोघांकडे एकाच घराण्यातले जनुक आहे, तेव्हा ते त्यांच्या समाईक पूर्वजाकडेही असणार. अळी गाळात उतरण्याआधीच जनुक होते. पुढे कायरोनोमसच्या वंशात त्याच्या अनेक प्रती झाल्या आणि प्रथिन पेशीत न थांबता रक्तात सुटू लागले. जनुकाची प्रत पडणे हा नकलेतला अपघात असतो. तो कोणाची गरज पाहून होत नाही. ज्या अळ्यांत तो झाला, त्यांना गाळात तगणे सोपे गेले.

चिलटातही प्रती झाल्या. 2006 मध्ये आणखी दोन जनुके वर्णिली गेली, आणि ती चालतात मुख्यतः नराच्या वृषणात! शरीरभर प्राणवायू वाहण्याची गोष्ट तिथे लागू पडत नाही.

ठाण्याच्या खाडीतल्या चिंबोरीचे उदाहरणही वर्गात आणावे. तिच्या रक्तात प्राणवायू धरणारे प्रथिन वेगळे, तांबेयुक्त हिमोसायनिन. त्याच घराण्यातले एक प्रथिन चिलटाच्या अळीत आहे, पण त्यातले तांबे गेले आणि प्राणवायू धरण्याचा गुणही. कोषात जाण्याआधी अळी ते अमिनो आम्लांचा साठा म्हणून जमवते. 'म्हणून'च्या हिशेबात ही गोष्ट बसवणार कुठे?

फळ्यावर आम्ही इतकेच लिहू : 'बहुतेक कीटकांचे रक्त प्राणवायू वाहत नाही; पण हिमोग्लोबिनचे जनुक कीटकांतही आढळते.' अळ्या आणायच्या असतील तर कारखान्यांच्या नाल्यात मुलांना उतरवू नये. वस्तीतल्या साध्या गटारातला कपभर गाळ, हातमोजे घालून, पुरतो. पांढऱ्या बशीत पाणी ओतले की अळ्या लगेच दिसतात.