‘सकारण स्पष्ट करा’, पण कारण कोणाचं?

दहावीच्या इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो : ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा.’ तुम्ही महाराष्ट्र बोर्डातून शिकला असाल, तर हे शब्द वाचताच हात आपोआप चालायला लागेल. तीन मुद्दे लिहायचे, मधे थोडी जागा सोडायची आणि शेवटी ‘म्हणून’ लावून दिलेलं विधान पुन्हा उतरवायचं. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी हे इतकं घोटलं, की त्यात काही चुकतंय अशी शंकाही कधी आली नाही.

चूक साधी आहे. या प्रश्नात निकाल आधीच लागलेला असतो. विद्यार्थ्याने फक्त त्या निकालाला कारणं पुरवायची. ‘हे विधान मला अर्धंच पटतं’ असं लिहायला उत्तरपत्रिकेत जागा नाही. म्हणजे नाव युक्तिवादाचं आणि सराव होकार देण्याचा.

गंमत म्हणजे आपली पाठ्यपुस्तकं मागासलेली नाहीत. सातवी, आठवी, नववी या तिन्ही इयत्तांच्या इतिहासाचा पहिला धडा ‘इतिहासाची साधने’ हाच आहे. २०१८ साली आलेलं दहावीचं पुस्तक तर थेट इतिहासलेखनापासून सुरू होतं. पहिल्याच प्रकरणात व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको भेटतात. पंधरा वर्षांच्या मुलांना ‘इतिहास कोण लिहितो, कसा लिहितो’ हे सांगणारं क्रमिक पुस्तक काढणं ही धाडसाची गोष्ट आहे, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण या धाडसाचं वर्गात काय होतं? आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, याचे चार पर्याय येतात. फुकोच्या पद्धतीला ज्ञानाचं पुरातत्त्व का म्हणतात, हे ‘सकारण’ लिहायला येतं. ज्या माणसाने प्रस्थापित ज्ञानाकडे संशयाने पाहिलं, त्याच्यावरचं उत्तर गाइडमधून पाठ होतं. भौतिक, लिखित आणि मौखिक साधनांचा तक्ता वहीत रंगीत पेनाने उतरतो, पण त्यातलं एकही साधन मूल हातात धरून वाचत नाही. पोहण्याचे सगळे प्रकार पाठ झाले, विहिरीत मात्र कोणी उतरलंच नाही.

आणि विहिरी तर आपल्या दारात आहेत. सिंदखेड राजा हे जिजाऊंचं जन्मगाव. दर १२ जानेवारीला तिथे गर्दी लोटते. त्यांच्या मुलाची जन्मतारीख हा मराठीतला बहुधा सर्वांत गाजलेला पुराव्यांचा वाद. उत्तरकालीन बखरींच्या आधाराने बराच काळ १६२७ हे साल मानलं जात होतं. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद निघाली. महाराजांच्या हयातीत रचलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातही हीच तिथी आहे. जोधपूरला सापडलेल्या कुंडलीने तिला दुजोरा दिला. तरी वाद मिटला नाही. १९६६ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली आणि सरकारने ही तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये.

टिळकांपासून मोजलं तर पंच्याऐंशी वर्षं. या काळात शहाण्या माणसांनी एकमेकांना विचारलं, की हा कागद कोणी लिहिला, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला, दुसरा स्वतंत्र कागद काय म्हणतो. आपल्या हातात मात्र फक्त निकाल आला, एक तारीख. वर्गात हे तीनचार पुरावे टेबलावर ठेवून ‘तुम्ही समितीवर आहात, ठरवा’ असं म्हटलं, तर चाळीस मिनिटांत मुलांना कळेल की तारीख आकाशातून पडत नाही, ती सिद्ध करावी लागते. त्याने महाराज लहान होत नाहीत, उलट त्यांच्यासाठी माणसांनी किती कष्ट घेतले ते दिसतं.

दुसरं उदाहरण त्याच तालुक्यातलं, साखरखेर्डा. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने इथे मुबारिझखानाचा पराभव केला. मुबारिझखान मारला गेला आणि हैदराबादच्या निजामाच्या जवळपास स्वतंत्र सत्तेचा पाया इथे घातला गेला. निजामाने विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा नाव दिलं. आज पाटीवर साखरखेर्डा आहे. जेत्याने दिलेलं नाव कागदात गेलं, पण लोकांच्या तोंडी जुनंच का राहिलं? मराठी इतिहासात या लढाईतली बाजीरावाची मदत ठळकपणे येते. निजामाच्या बाजूने लिहिणारा माणूस तिला तेवढीच जागा देईल का? नववीच्या मुलांना यावर एक पान लिहायला सांगा. गाइडमध्ये याचं उत्तर मिळणार नाही, हाच या प्रश्नाचा गुण.

आता मूळ मुद्दा. हे सगळं घेणार कोण? शिक्षक. आणि आपण शिक्षकांना नेमकं उलटं शिकवतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी. तासांना ना नाही. पण ओळखीतल्या एका इतिहासाच्या शिक्षिकेने तिच्या प्रशिक्षणाचं वर्णन केलं ते असं : सकाळी सही, मग चहा, मग पीपीटी. पडद्यावर लिहिलेलं, ‘विद्यार्थ्यांमध्ये चिकित्सक विचार रुजवावा.’ सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. कोणी विचारलं नाही, कसा? चिकित्सेवरचं व्याख्यान चिकित्सा न करता ऐकणं, हीच आपल्या प्रशिक्षणाची शोकांतिका आहे.

ज्या शिक्षकाने स्वतः कधी दोन परस्परविरोधी कागद समोर ठेवून निर्णय लिहिला नाही, तो मुलांकडून काय लिहून घेणार? यात त्याचा दोष नाही. तोही ‘सकारण स्पष्ट करा’वरच वाढलाय. सॅम वाइनबर्ग या अमेरिकन संशोधकाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासकारांना आणि हुशार शाळकरी मुलांना एकाच लढाईचे तेच कागद वाचायला दिले होते. मुलं वरून खाली माहिती वेचत गेली. इतिहासकार आधी कागद कोणाचा आहे ते बघत होते. फरक बुद्धीचा नव्हता, सवयीचा होता. आणि सवय व्याख्यानाने लागत नाही.

म्हणून प्रशिक्षण असं असावं : शिक्षकांनी आधी विद्यार्थी व्हावं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शकावली, शिवभारत आणि बखर यांचे उतारे वाटावेत. प्रत्येकाने एक पान लिहावं. माझा दावा काय, कोणत्या पुराव्यावर, तो पुरावा दाव्यापर्यंत कसा पोहोचतो आणि विरुद्ध बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा कोणता. मग वह्या बदलून एकमेकांचं तपासावं. ‘मुद्दे बरोबर’ एवढा शेरा चालणार नाही, ‘इथे पुरावा आणि दावा यांची गाठ बसत नाही’ असं बोट ठेवता आलं पाहिजे. नंतर तोच पाठ वर्गात घ्यावा आणि पुढच्या महिन्यात मुलांच्या वह्या घेऊन पुन्हा बसावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : पोर्शन कधी संपवायचा? सॅन फ्रान्सिस्कोच्या पाच सरकारी शाळांत असं साधनांवर आधारलेलं शिक्षण देऊन पाहिलं गेलं. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या मुलांची चिकित्सा तर सुधारलीच, पण इतिहासातली माहितीही जास्त लक्षात राहिली. आपले वर्ग वेगळे आहेत, पट मोठा आहे, हे मान्य. पण वाद घालत वाचलेलं विसरत नाही, हे तुमच्यामाझ्या अनुभवाचंही आहे.

दुसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही. भीती. वर्गात दोन बाजू मांडल्या आणि एखाद्याने अर्धाच व्हिडिओ काढला तर? गावात इतिहास हा जातीचा, घराण्याचा, पक्षाचा विषय आहे. ही भीती खोटी नाही, आणि एकट्या शिक्षकाला ‘धीट व्हा’ म्हणणं सोपं असतं. म्हणूनच हे काम प्रशिक्षणातून, सगळ्या केंद्राने मिळून व्हायला हवं. सुरुवात तारखेपासून, गावाच्या नावापासून करावी. पुराव्याची शिस्त एकदा अंगात मुरली, की तापलेल्या विषयावरही मुलं आवाज चढवण्याआधी कागद मागतील.

आणि हे आपल्याला परकं आहे असं कोणी म्हणू नये. बांधाचा वाद निघाला की आपल्या घरात काय होतं? सातबारा निघतो, जुना फेरफार निघतो. चौथी शिकलेला आजा विचारतो, ही नोंद कधीची, कोणाच्या सांगण्यावरून घेतली, साक्षीला कोण होतं, आणि शेजाऱ्याच्या कागदात काय लिहिलंय? हेच तर इतिहासकाराचे प्रश्न. दोन गुंठ्यांसाठी आपण ते विचारतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीसाठी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं पान, खाली कोणाचं नाव नसतानाही, पुढे ढकलतो.

आजाला हे शाळेने शिकवलं नव्हतं. जमीन जायची वेळ आली होती, म्हणून तो शिकला. भूतकाळही असाच हातचा जाऊ शकतो, हे आपल्या शिक्षकांना पटलं, तर परीक्षेतला तो प्रश्न बदलायला फार शब्द लागणार नाहीत : ‘पुढील विधान तुम्हाला पटते का? पुराव्यासह लिहा.’